लाकडाची इमारत, गोंदाचा जोड आणि मुंबईचा मे महिना

अमेरिकेतलं मिलवॉकी हे शहर एरवी आपल्या कानावर पडायचं काही कारण नाही. पण २०२२ मध्ये तिथे ‘असेंट’ नावाची २५ मजली निवासी इमारत पूर्ण झाली. वाहनतळाचे खालचे मजले आणि लिफ्टचा गाभा काँक्रीटचा आहे, बाकी सगळा सांगाडा लाकडाचा. उंची सुमारे ८७ मीटर. तिच्याआधी २०१९ मध्ये नॉर्वेत ‘म्योस्टोर्नेट’ हा १८ मजली लाकडी मनोरा उभा राहिला होता. मग २०२५ च्या ओसाका एक्स्पोमधलं ते प्रचंड लाकडी कडं आलं आणि त्याचे व्हिडिओ आपल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरले.

हे व्हिडिओ पाहून मुंबईकर एकच प्रश्न विचारतो. एवढ्या जाड तुळया एकाच झाडाच्या नसतात, फळ्या एकमेकींना चिकटवून केलेल्या असतात हे कळलं की तो म्हणतो, “म्हणजे अख्खी बिल्डिंग गोंदावर? आमच्या किचनच्या कपाटाची पट्टी दोन उन्हाळ्यांत सुटली, आणि हे म्हणतात पंचवीस मजले!”

शंका अगदी रास्त आहे. मात्र ती विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच गोंद असतो, पांढऱ्या डब्यातला. शिवाय उष्णता म्हणजे फक्त ऊन, असंही त्याने धरलेलं असतं. गोष्ट सुरू होते ती या दोन्ही समजुतींच्या पलीकडे.

गोंद आला कुठून?

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर इथल्या जुन्या चाळींमध्येही लाकडी खांब, तुळया आणि वासे आहेत. त्यांत गोंद जवळजवळ नाही. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारं टोक, वरून लाकडी खुंटी किंवा लोखंडी पट्टी. त्या काळी ब्रह्मदेशातून सागाचे भलेथोरले ओंडके बोटीने यायचे, त्यामुळे एकसंध तुळई मिळणं अवघड नव्हतं.

आज तसं लाकूड परवडत नाही आणि तसे वृक्ष तोडूही नयेत. म्हणून लहान झाडांच्या फळ्या सुकवायच्या, गाठी नि दोष काढून टाकायचे आणि उरलेलं चिकटवून मोठा तुकडा करायचा. सगळ्या फळ्या एकाच दिशेने चिकटवल्या तर त्याला ‘ग्लुलॅम’ म्हणतात. तुळया आणि खांब त्याचे होतात. एक थर उभा, एक आडवा असं करत गेलं तर होतो तो ‘सीएलटी’चा तक्ता. भिंती आणि स्लॅब त्याचे. तत्त्व आपल्या प्लायवूडचंच आहे, फक्त प्लायमधला थर कागदासारखा पातळ असतो आणि इथे एकेक थर दोन-चार सेंटीमीटर जाड.

कल्पना नवी नाही. जर्मनीत वायमारच्या ऑटो हेट्झरने वाकवून चिकटवलेल्या तुळईचं पेटंट १९०६ मध्ये घेतलं. त्याचा गोंद दुधातल्या केसीनपासून केलेला होता. कोरड्या जागेत, छपराखाली असलेल्या त्या काळच्या काही तुळया आजही उभ्या आहेत. ओलीत मात्र केसीन टिकत नाही.

दोन फळ्यांमधला हा गोंदाचा थर साधारण एक दशांश मिलीमीटर जाड असतो. पुढचं सगळं या दशांश मिलीमीटरबद्दल आहे.

तूप आणि इडली

गोंदांच्या ढोबळमानाने दोन जाती आहेत आणि फरक स्वयंपाकघरातून पटकन कळतो. साजूक तूप गारठ्यात थिजतं, उन्हात पातळ होतं, पुन्हा थिजतं. कितीही वेळा करा. इडलीचं पीठ मात्र एकदा वाफवलं की परत कधी पीठ होत नाही. जास्त तापवाल तर करपेल, पण वितळणार नाही.

तुपाच्या जातीत येतो सुतारकामाचा पांढरा गोंद. रसायनाचं नाव पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. जुना सरसही याच जातीतला. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस पाण्याच्या वाफेवर पातळ करून लावतात, आणि वाद्यं दुरुस्त करणारे तोच सांधा पुन्हा ऊब देऊन सहज उकलतात. त्यांच्या कामात ही सोय आहे. तुळईत तोच गुण धोक्याचा. मॉड्युलर किचनच्या कडांना लावलेली पट्टी ज्या गरम गोंदाने चिकटवतात, तोही तुपाच्याच जातीचा. कारखान्यात पातळ करून लावलेला असतो, म्हणून शेगडी नि ओव्हनच्या बाजूला तो पुन्हा नरम पडतो. त्या कपाटाच्या पट्टीचं कोडं इथेच सुटतं.

इडलीच्या जातीत येतात फॉर्मल्डिहाइडवाले रेझिन: युरियाचं, मेलामाइनचं, फिनॉलचं, रिसॉर्सिनॉलचं. शिवाय पॉलियुरेथेन आणि इपॉक्सी. यांच्यात रासायनिक क्रिया होऊन जाळं विणलं जातं आणि ते पुन्हा सुटत नाही. भार पेलणाऱ्या तुळयांना हेच गोंद चालतात. पांढरा गोंद तिथे मुळात मान्यच नाही.

पण इडलीतही फरक असतो. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेलं साधं इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास आपला ताठपणा गमवायला लागतं. वितळत नाही, चामड्यासारखं होतं. जुन्या इमारतींत तुळईचं कुजलेलं टोक काढून तिथे इपॉक्सी आणि सळ्या वापरून नवं टोक जोडायची पद्धत आहे. भिंतीत दडलेल्या, सावलीतल्या तुळईला ते ठीक. पत्र्याच्या छपराखाली, जिथे दुपारी हात लावता येत नाही, तिथे तेच करायचं तर जास्त तापमानाला ‘शिजवलेलं’ इपॉक्सी लागतं. कंत्राटदाराला हा एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

पहिला तास सगळ्यात नाजूक

इमारत उभी राहिल्यावर ऊन तिचं काय करील याची चिंता सगळे करतात. गोंद लावला त्या दिवशी तापमान किती होतं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी भानगड तिथेच होते.

गोंद चिकटतो कसा? आधी तो पातळ असावा लागतो, म्हणजे लाकडाच्या उघड्या पेशींत शिरतो. मग त्याने तिथेच घट्ट व्हायचं. या दोन्ही क्रियांवर तापमानाची सत्ता चालते. रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. डब्यावर लिहिलेला वेळ बहुधा २० किंवा २५ अंशांचा असतो. मुंबईच्या बंद साइटवर एप्रिलच्या दुपारी ३५ अंश असतात. म्हणजे डब्यावर अर्धा तास लिहिला असेल तर हातात पंधरा मिनिटं. तेवढ्यात गोंद पसरायचा, फळ्या जुळवायच्या आणि शिकंजा आवळायचा.

पांढऱ्या गोंदाची कहाणी जरा वेगळी. त्यात रासायनिक क्रिया नसते, पाणी निघून जातं आणि मागे राहिलेले सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो. पंख्याखाली, कोरड्या उन्हाच्या झळीत त्याच्यावर आधीच साय धरते. वरून ओला दिसतो, दुसरी फळी ठेवली की चिकटल्यासारखी वाटते, पण गोंद त्या फळीत शिरलेलाच नसतो. असा सांधा नंतर सुटला की एका बाजूला गोंदाचा चकचकीत थर आणि दुसऱ्या बाजूला कोरं लाकूड दिसतं. सांधा चांगला असेल तर तो तुटतानाही लाकडाचे तंतू उपटून आणतो. थंड प्रदेशात उलटं होतं. पाच-दहा अंशांखाली ते कण एकमेकांत मिसळतच नाहीत, आणि सांध्यात खडूसारखी पांढरी भुकटी राहते. मुंबईत ही वेळ येत नाही. नाशिकला, महाबळेश्वरला जानेवारीत पहाटे काम काढणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावं.

दोन भाग मिसळून होणाऱ्या गोंदात आणखी एक मेख आहे. क्रिया होताना तो स्वतःच उष्णता सोडतो. खोल डब्यात किलोभर कालवून ठेवला की मधला भाग तापतो, तापल्याने क्रिया आणखी वेगाने होते, आणि मिस्त्री चहा पिऊन येईपर्यंत डब्यात धोंडा. तोच गोंद पसरट ट्रेमध्ये ओतला तर उष्णता निघून जाते आणि वेळ मिळतो. गोंद कमी कालवावा, पसरट भांड्यात कालवावा, सावलीत ठेवावा.

कारखान्याची गंमत अशी की तिथे उष्णता शत्रू नसून कामगार असते. प्लायवूडचे थर साधारण शंभर ते दीडशे अंश तापलेल्या पाट्यांमध्ये दाबतात. युरियाच्या रेझिनला त्यातलं कमी तापमान पुरतं, फिनॉलच्या रेझिनला जास्त लागतं. पाटी पुरेशी तापली नाही किंवा वेळ वाचवायला लवकर उघडली, तर जाळं अर्धवट विणलं जातं. बाहेरून तक्ता झकास दिसतो.

पॉलियुरेथेन हवेतली आणि लाकडातली ओल शोषून घट्ट होतं. त्यामुळे आपल्या दमट हवेत ते भराभर घट्ट होतं आणि फेसही करतं. तो फेस फटी भरतो असं समजून लोक खूश होतात. फेसाला ताकद नसते. फटी रंध्याने घालवायच्या असतात.

मे महिन्यात गोंद वितळतो का?

प्रत्येक गोंदाला एक उंबरठा असतो. त्याच्या खाली तो काचेसारखा ताठ, त्याच्या वर रबरासारखा मऊ. पांढऱ्या गोंदाचा उंबरठा साधारण ३० ते ४० अंशांच्या दरम्यान येतो, आणि गोंदात ओल शिरली असेल तर तो आणखी खाली सरकतो. म्हणजे मुंबईची साधी मे महिन्यातली दुपार. सांताक्रूझला तर पारा चाळिशी ओलांडून गेल्याच्याही नोंदी आहेत.

मग आपली कपाटं कोसळत का नाहीत? कारण मऊ होणं म्हणजे वितळणं नव्हे. कपाटाच्या सांध्यावर भार थोडा असतो, चिकटलेलं क्षेत्र मोठं असतं, वर स्क्रू असतात. मऊ झालेला गोंद इतका भार सहज झेलतो. अडचण येते ती भार कायमचा असेल तेव्हा. पुस्तकांनी भरलेली फळी, वाकवून चिकटवलेली पट्टी, किंवा तुळई. तिथे गोंद तुटत नाही, पण वर्षानुवर्षं कणाकणाने सरकत राहतो. या संथ सरकण्यामुळेच पांढऱ्या गोंदाला इमारतीच्या सांगाड्यात जागा नाही. युरोपात पांढऱ्या गोंदांचे प्रकार पारखताना सांधा ८० अंशांना तासभर तापवून गरम असतानाच ओढून बघायची वेगळी चाचणी आहे, कारण खिडकीच्या गडद रंगाच्या चौकटी उन्हात तेवढ्या तापू शकतात.

सांगाड्याच्या गोंदांचं काय? फिनॉल-रिसॉर्सिनॉल किंवा मेलामाइनचा गोंद ५०-६० अंशांना ढिम्म हलत नाही. त्याच्या आधी लाकूडच कुरकुर करू लागतं. अमेरिकेतले लाकडी बांधकामाचे नियम सांगतात की लाकूड दीर्घकाळ ३८ अंशांहून जास्त तापमानात राहणार असेल तर त्याची हिशेबातली ताकद कमी धरा. महत्त्वाचा शब्द ‘दीर्घकाळ’. दुपारचे दोन-तीन तास त्यात मोडत नाहीत. शिवाय लाकूड उष्णतेचं फार वाईट वाहक आहे. बाहेरचा पृष्ठभाग साठ अंश तापला तरी जाड तुळईच्या पोटातल्या गोंदापर्यंत ती झळ पोचायच्या आत संध्याकाळ होते.

म्हणजे नुसत्या उन्हाला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं असेल तर जून ते सप्टेंबरला.

उष्णता एकटी येत नाही

एक छोटा हिशेब बघा. एक मीटर रुंदीचा सागाचा जोडतक्ता घ्या. तापमान २० अंशांनी वाढलं तर तो तंतूंच्या आडव्या दिशेने साधारण अर्धा-पाऊण मिलीमीटर वाढेल. आता त्याच तक्त्यातली ओल १० टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेली तर तो किती फुगेल? फळ्या कशा कापल्यात यावर अवलंबून, पण पंधरा मिलीमीटरपर्यंत. वीसपटीहून जास्त. तापमानाने होणारं थेट प्रसरण यापुढे किरकोळ आहे.

तरी तापमानाला मोकळं सोडता येत नाही, कारण ओल आत-बाहेर ढकलणारं तेच असतं. मे महिन्यात पत्र्याखाली लाकूड सुकून आकसतं. जुलैत हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते, लाकूड शोषून फुगतं. आणि मुंबईच्या घरात तिसरी भानगड म्हणजे एसी. बेडरूमच्या दाराची आतली बाजू २४ अंशांच्या कोरड्या हवेत, बाहेरची बाजू पॅसेजमधल्या दमट हवेत. एक बाजू आकसू बघते, दुसरी फुगू बघते. ही ओढाताण जाणार कुठे? गोंदाच्या रेषेत.

त्यात युरियाच्या रेझिनची एक कमजोरी आहे. ऊब आणि ओल एकत्र आली की त्याचं जाळं हळूहळू उलटं उसवायला लागतं, पाणीच त्याचे बंध तोडतं. नुसती कोरडी उष्णता ते बरीच सोसतं, थंड ओलही काही काळ सोसतं. दोन्ही मिळून नाही. फिनॉल आणि रिसॉर्सिनॉलच्या गोंदांचे बंध पाणी असे तोडू शकत नाही, म्हणून बोटींना आणि पुलांना तेच.

या प्रश्नाचा एक जुना अध्याय आपल्याकडेच घडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं ‘मॉस्किटो’ हे लढाऊ विमान बर्च प्लायवूड आणि हलक्या बाल्सा लाकडाचं होतं. आधी केसीनने चिकटवलेलं, पुढे फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने. १९४४ च्या उत्तरार्धात भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या विमानांचे पंख हवेतच निखळल्याच्या घटना घडल्या आणि ती जमिनीवर उतरवून ठेवावी लागली. सगळ्यांना वाटलं, गरम हवेत गोंद विरघळला. चौकशी झाली. एका तपासाने बोट ठेवलं ते पावसाळी हवेत सांगाड्याच्या लाकडात झालेल्या बदलावर. नंतरच्या तपासाने कारखान्यातल्या ढिसाळ जोडणीवर: तुकडे नीट जुळलेले नव्हते, सांध्यात फटी राहिल्या होत्या. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की चित्र पुरं होतं. नीट न भरलेला सांधा इंग्लंडच्या हवेत निभावून गेला, आपल्या पावसाळ्याने त्याचं पितळ उघडं पाडलं.

दुसरी घटना थंड देशातली आणि जास्त करुण आहे. जर्मनीत बाड राइशेनहाल इथे २ जानेवारी २००६ रोजी बर्फावर स्केटिंग करायच्या सभागृहाचं लाकडी छत कोसळलं. १५ माणसं गेली, त्यातली १२ मुलं. छत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. पोकळ लाकडी तुळया युरियाच्या गोंदाने जोडलेल्या होत्या. खाली बर्फामुळे गारठा, वर दमट हवा. गार पृष्ठभागावर वाफ धरते तशी ओल तिथे वर्षानुवर्षं धरत राहिली आणि गोंद आतून दुबळा होत गेला. आकडेमोडीतल्या आणि देखभालीतल्या चुकाही चौकशीत निघाल्या, आणि त्या दिवशी छतावर बर्फाचं ओझंही होतं. या प्रकरणात ऊन कुठेच नाही. तरीही तापमानाचा हात आहेच, कारण ओल आणली ती तापमानातल्या फरकाने.

मुंबईत एसी चालणाऱ्या मोठ्या सभागृहाच्या लाकडी छतालाही हेच गणित लागू आहे. आत गार, बाहेर जुलै. वाफ कुठे धरणार, याचा विचार गोंद निवडण्याआधी झाला पाहिजे.

“मग गोंद कशाला? बोल्ट मारा!”

मारतातच. तुळई आणि खांब जिथे भेटतात तिथे बोल्ट आणि लोखंडी पाटे असतातच. पण फळीला फळी जोडताना खिळा भार घेण्याआधी जरा सरकतो, आणि तेवढ्या सरकण्याने तुळई लवते. गोंद सबंध पृष्ठभागावर भार वाटून घेतो, त्यामुळे चिकटवलेल्या फळ्या एकसंध लाकडासारख्या वागतात. शिवाय लाकडातलं गार लोखंड दमट हवेत ओल धरतं, आणि आपल्या खाऱ्या वाऱ्यात गंजलेला खिळा आजूबाजूचं लाकूडही काळं करून सडवतो. खिडकीच्या जुन्या बिजागऱ्या काढून बघा.

आणि आग लागली तर?

९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली, ती कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी या घटनेत गेले. ते आठवत असताना कुणी लाकडी मनोऱ्याची भलामण केली तर राग येणं साहजिक आहे. म्हणून हा मुद्दा घाईत उरकण्यासारखा नाही.

जाड लाकूड जळतं ते बाहेरून आत, आणि ठराविक वेगाने. साधारण ३०० अंशांना लाकडाचा कोळसा होतो. मऊ लाकडाची तुळई मिनिटाला सुमारे ०.६५ ते ०.७ मिलीमीटर, म्हणजे तासाला चारएक सेंटीमीटर कोळसा होत जाते. हा कोळशाचा थर आतल्या लाकडाचं पांघरूण होतो. आग भडकलेली असतानाही त्या थराच्या तीन-चार सेंटीमीटर आतलं लाकूड जवळपास नेहमीच्या तापमानाला आणि नेहमीच्या ताकदीचं असतं. म्हणून तुळई मुळातच जाड घेतात, जळून जाणारा भाग जमेस धरून. जुन्या चाळींत पातळ फळ्यांची जमीन, मधल्या पोकळ्या, लाकडी जिने आणि शंभर वर्षं साचलेलं सामान असतं. तिथे हे गणित चालत नाही.

पण सीएलटीमध्ये गोंदाने एक पेच टाकला. आग पहिल्या थरातून दुसऱ्या थराकडे सरकते तेव्हा मधल्या गोंदाच्या रेषेवर तापमान चढत जातं. लाकडाचा कोळसा व्हायच्या आधीच गोंद नरम पडला, तर काय होईल? पहिल्या थराचा कोळसा तक्ता सोडून खाली पडेल. पांघरूण गेलं, आतलं ताजं लाकूड उघडं पडलं, विझत आलेली आग पुन्हा भडकली. सुरुवातीच्या काळातल्या पॉलियुरेथेनने जोडलेल्या तक्त्यांत हे मोठ्या चाचण्यांमध्ये दिसून आलं. मेलामाइन आणि रिसॉर्सिनॉलच्या गोंदांत थर सहसा पडत नाही, ते कोळसा होईपर्यंत धरून ठेवतात. युरोपात थर पडू शकणारा गोंद असेल तर अभियंते हिशेबात पुढचे २५ मिलीमीटर दुप्पट वेगाने जळतील असं धरतात.

अमेरिकेने सरळ नियमच बदलला. सीएलटीच्या तिथल्या मानकात २०१८ पासून अशी अट आहे की तक्त्याने खऱ्याखुऱ्या आगीच्या चाचणीत थर न सोडता टिकून दाखवलं पाहिजे. पॉलियुरेथेन बनवणाऱ्यांनी मग उष्णता सोसणारे नवे प्रकार काढले. त्यानंतरच २०२१ च्या तिथल्या बांधकाम संहितेत लाकडी इमारतीला १८ मजल्यांपर्यंत परवानगी आली, तीही लाकडावर जिप्सम बोर्डाचं आवरण आणि पाण्याचे फवारे असतील तरच. मिलवॉकीच्या इमारतीला त्याहून जास्त मजल्यांसाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागली.

“गोंद जळतो का?” या प्रश्नापेक्षा “लाकडाच्या आधी गोंद सुटतो का?” हा प्रश्न म्हणून जास्त उपयोगाचा. मुंबईत उद्या कुणी असा प्रकल्प आणला तर महापालिकेने पहिला कागद मागावा तो गोंदाच्या या चाचणीचा.

आपल्या घरातल्या प्लायचं काय?

पंचवीस मजले राहू द्या, बहुतेकांचा गोंदाशी संबंध येतो तो प्लायवूडपुरता. रे रोडच्या वखारीत किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात ‘कमर्शियल’, ‘वॉटरप्रूफ’, ‘मरीन’ असे शब्द ऐकू येतात. शब्दांवर जाऊ नका, तक्त्यावरचा भारतीय मानकाचा शिक्का बघा. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं प्लाय. त्यातल्या ‘एमआर’ म्हणजे ओल सोसणाऱ्या दर्जात बहुधा युरियाचा गोंद असतो. आयएस ७१० म्हणजे मरीन, त्यात फिनॉलचा. एमआर दर्जाच्या गोंदाची चाचणी ६० अंशांच्या पाण्यात तीन तासांची असते. मरीनच्या गोंदाला ७२ तास उकळत्या पाण्यात काढावे लागतात. दोन्ही चाचण्यांत पाणी आणि उष्णता एकत्रच आहेत, हे सहज झालेलं नाही.

कडेने दिसणारी गोंदाची रेषा लालसर तपकिरी असेल तर फिनॉल, असं मिस्त्री सांगतात. मूळ गोष्ट खरी आहे, पण गोंदात रंग मिसळता येतो, तेव्हा तो पुरावा धरू नका. चार इंचांचा तुकडा कापून घ्या आणि पातेल्यात दिवसभर उकळा. थर उलगडले तर दुकानदाराशी वाद घालायची गरज उरत नाही. तुकडा टिकला म्हणून तो मरीन ठरत नाही, एवढं मात्र ध्यानात असू द्या.

सिंकखालच्या कपाटाला, बाथरूमच्या दाराला, गॅलरीतल्या खणाला आणि गच्चीवरच्या शेडला मरीनवर खर्च करा. बेडरूमच्या कपाटाला एमआर चालतं, फक्त ते पावसाच्या बाजूच्या ओल्या भिंतीला टेकलेलं नसावं. नव्या फर्निचरचा डोळ्यांना झोंबणारा वास असतो तो फॉर्मल्डिहाइडचा, आणि तो उकाड्यात नि दमट हवेत जास्त सुटतो. म्हणून पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि घेतानाच ‘ई-झिरो’ किंवा ‘ई-वन’ असं लिहिलेला, म्हणजे हा वायू कमी सोडणारा तक्ता मागायचा. सनमायका लावायला रबराचा गोंद वापरणार असतील तर शेगडीजवळच्या भागासाठी उष्णता सोसणारा प्रकार वेगळा मिळतो. तिथे तोच लावायला सांगा.

पावसाळ्यात काम काढायचंच झालं तर लाकूड आणि प्लाय आठवडाभर आधी त्याच खोलीत आणून, भिंतीपासून सोडवून, खाली पट्ट्या घालून ठेवा. पुढे त्या खोलीत एसी चालणार असेल तर कामाच्या दिवसांतही तो चालू ठेवा, विजेचं बिल सोसून. दमट हवेत पांढऱ्या गोंदातलं पाणी सावकाश निघतं, त्यामुळे एरवी रात्रभर लावलेला शिकंजा तेव्हा दुसऱ्या दिवशीही काढू नये. मिस्त्रीला पुढच्या साइटची घाई असणार. त्या एका दिवसाची मजुरी आधीच ठरवून टाका.